आमेन म्हटल्याशिवाय जेवण नाही

माझी थोरली बहीण माझ्यासाठी प्रार्थना करायची, आणि त्यासाठी मी तिच्यावर जो डूख धरला तो वर्षानुवर्षं सोडला नाही. आमच्या प्रार्थनेच्या मंडळीतल्या कुणासमोर हे बोलले असते तर मला वेड्यात काढलं असतं. बहीण बहिणीसाठी प्रार्थना करते, यात वाईट ते काय? पण त्यांना आमचे बाबा ठाऊक नव्हते.

बाबा नगरला मिशनच्या शाळेत शिक्षक होते. आई लवकर गेली, आम्ही दोघी त्यांच्या हाताखाली वाढलो. आम्ही भांडलो की ते ओरडायचे नाहीत, मारायचे नाहीत. "या दोघी," एवढंच म्हणायचे. मग फरशीवर शेजारी-शेजारी गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे आणि मोठ्यानं एकमेकींसाठी प्रार्थना करायची. एकीची संपली की दुसरीनं आमेन म्हणायचं. दोन्हीकडून आमेन आल्याशिवाय जेवण नाही. यातून बहिणींमधलं प्रेम वाढतं, असा त्यांचा ठाम समज होता.

वाढलं ते आमचं कसब. "हे प्रभू," ताई म्हणायची, "माझ्या धाकट्या बहिणीला सारखं आरशात बघायची सवय आहे. तिला नम्रता दे." माझी पाळी आली की मी म्हणायची, "हे प्रभू, ताई माझ्या रिबिनी घेते आणि घेतल्या नाहीत म्हणते. तिची जीभ शुद्ध कर." डोळे मिटलेले असल्यामुळे मध्ये बोलायची सोय नव्हती. देवाशी चाललेलं बोलणं कोण तोडणार? आणि वर, आपल्याच बदनामीवर आपणच आमेन म्हणायचं. आमेन म्हणजे तसंच होवो, हे बाबांनी नीट समजावून सांगितलं होतं. त्यामुळे तो शब्द घशाशी अडायचा. स्वयंपाकघरातून कालवणाचा वास येत असायचा, म्हणून तो बाहेर पडायचा इतकंच.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, दोन बहिणींची गोष्ट आहे. थोरलीचे डोळे अधू, धाकटी देखणी, आणि बापाच्या लबाडीपायी दोघी एकाच पुरुषाच्या बायका होतात. त्याचा जीव धाकटीवर, पण मुलं होतात ती थोरलीला. तिला एकामागून एक मुलगे होतात आणि मुलाचं नाव ठेवताना ती बहिणीला टोला हाणते, की देवानं माझं दुःख पाहिलं, देवानं माझं ऐकलं. धाकटीही काही कमी नाही. तिनं नवऱ्याला दिलेल्या दासीला मुलगा झाला तेव्हा तिनं ठेवलेल्या नावाचा अर्थ होता, मी बहिणीशी झुंजले आणि जिंकले. बाबांनी ही गोष्ट संडे स्कूलमध्ये सांगितली तेव्हा ताईला नुकताच जाड भिंगांचा चष्मा लागला होता. वर्गातली मुलं आमच्याकडे बघून हसली. ताईनं मान खाली घातली आणि मी माझी वेणी पुढे घेतली. गोष्टीतली धाकटी रिकाम्या कुशीपायी किती वर्षं रडली, याकडे तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

ताई लग्न होऊन कॅलिफोर्नियाला गेली, क्युपर्टिनोला. दाजी सॉफ्टवेअरमध्ये होते. तिला दोन मुलगे झाले. काही वर्षांनी माझंही लग्न होऊन मी तिच्यापासून जवळच, सांता क्लाराला एका अपार्टमेंटमध्ये येऊन पडले. ते नव्वदच्या दशकातले दिवस होते. आमच्यासारखी बरीच मराठी ख्रिस्ती कुटुंबं तिथे जमली होती, कुणी नगरचं, कुणी पुण्याचं, कुणी मुंबईचं, एक नागपूरचं. रविवारी जो तो आपापल्या अमेरिकन चर्चला जाई, पण महिन्यातून एका शनिवारी दुपारी कुणाच्या तरी घरी मराठी प्रार्थना असे. मुलाकडे येऊन राहिलेले एक काका ती चालवत. मुलं दुसऱ्या खोलीत व्हिडिओ गेम खेळायची, आम्ही कार्पेटवर गोल करून बसायचो, आधी गाणी, मग बायबलातलं वचन, मग विनंत्या.

विनंत्या म्हणजे ज्याला जे मागायचं ते त्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं मागायचं आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं. ग्रीन कार्ड, व्हिसा, मुलाचं ॲडमिशन, गावाकडच्या आईचा गुडघा. ज्याची लाज वाटेल ते नाव न घेता मागायचं अशी रीत होती. काकांच्या बायकोनं, काकूंनी, एकदा डोळे मिटून मागितलं, "प्रभू, एका आईसाठी विनंती करते, जिची सून तिच्याशी धड बोलत नाही." सगळ्यांनी गंभीरपणे आमेन म्हटलं, सुनेनंसुद्धा. त्या दिवशी मला हसू आवरेना. ही रीत पुढे माझ्याच गळ्यात पडणार आहे हे मला काय माहीत. माझी स्वतःची विनंती साधी असायची. माझा नवरा कामासाठी दर सोमवारी विमानानं टेक्सासला, अर्विंगला जायचा आणि शुक्रवारी परतायचा, म्हणून त्याचा प्रवास सुखरूप होवो. हे मी इतक्या वेळा मागितलं होतं की अर्विंग म्हटलं की लोकांना माझा नवराच आठवायचा.

मला मूल होत नव्हतं. वर्षं जात होती. मग एकदा दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. नवरा अर्विंगला होता. हॉस्पिटलमधून घरी आले आणि ताईला फोन केला, कारण या देशात आईच्या जागी मला तीच होती. खूप रडले. शेवटी म्हटलं, "ताई, हे कुणाला सांगू नकोस."

"वेडी का तू?" ती म्हणाली. "मी फक्त प्रभूला सांगेन."

तिनं शब्द पाळला. पुढच्या शनिवारी, नागपूरच्या कुटुंबाच्या घरी, माझ्या शेजारी बसून तिनं प्रभूला सांगितलं. मोठ्यानं. "हे प्रभू, माझ्या धाकट्या बहिणीच्या पोटातलं बाळ तू नेलंस. तुझी काहीतरी योजना असेल. तिला रूपाचा, शिक्षणाचा अभिमान होता, तो तू मोडलास. आता तिला नम्र कर आणि तिची कूस उघड." एका बहिणीसाठी असंही ती म्हणाली नाही. माझी धाकटी बहीण असंच म्हणाली, म्हणजे कुणाला शंका नको. मी डोळे उघडले. सगळ्यांचे मिटलेले होते, तिचेही, त्या जाड चष्म्याआड. सगळे आमेन म्हणाले. मग ताईनं कोपरानं मला हलकेच ढोसलं. लहानपणी करायची तसंच. मी आमेन म्हटलं.

त्यानंतर बायकांनी मला मिठ्या मारल्या. मऊ, ओल्या मिठ्या, पाठीवरून हात फिरवणाऱ्या. काकूंनी कानात सांगितलं की त्यांच्या पुतणीलाही असंच झालं होतं आणि आता तिला जुळी आहेत. तेव्हापासून प्रत्येक शनिवारी दारातून आत शिरले की बायकांची नजर आधी माझ्या पोटावर जायची, मग चेहऱ्यावर. गाडीत बसल्यावर मी ताईला म्हटलं, "मी तुला कुणाला सांगू नको म्हटलं होतं." ती म्हणाली, "अगं, प्रार्थनाच केली ना? निंदा केली का?" ती खरंच तसं मानत होती. मला तेच सहन होत नव्हतं.

मी ठरवलं की एक दिवस हिच्या तोंडून हिच्याच अपमानावर आमेन वदवून घेईन. मला ना माफी हवी होती ना भांडण. बाबांच्या नियमाप्रमाणे तिचं एक आमेन माझं येणं होतं. पण ताईच्या घरात मोडायला काही सापडेना. नवरा, दोन हुशार मुलगे, मागे लिंबाचं झाड असलेलं घर. मी मंडळीला कधी जात होते, कधी तब्येतीचं निमित्त सांगून टाळत होते, आणि वाट बघत होते.

माझी ही प्रार्थना ऐकली गेली ती अर्विंगच्या एका इंडियन ग्रोसरीत. एका शुक्रवारी नवरा घरी आला, बॅग ठेवली आणि म्हणाला, "यार, एक ऑकवर्ड गोष्ट झाली. तुझे दाजी दिसले."

"अर्विंगला? तिथे काय करतायत?"

"कार्ट ढकलत होते. बरोबर एक बाई होती. ती कोथिंबीर घेत होती तर हे म्हणाले, नको घेऊस, घरात आहे."

"घरात आहे म्हणाले?"

"हो ना. मग मी दिसलो. ती बाई पुढे गेली आणि हे माझा हात धरून उभे राहिले. म्हणाले, मी इथे मूव्ह झालोय, तुझ्या ताईला माहितीये, पण बाकी कुणाला नाही. साडू म्हणून रिक्वेस्ट करतो, बोलू नका." नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "तू कुणाला सांगू नकोस हं."

"फक्त प्रभूला सांगेन," मी म्हटलं.

त्याला हे काही कळलं नाही. मी मात्र कितीतरी महिन्यांनी त्या दिवशी पोटभर जेवले. ताईला फोन करून सहज विचारलं, दाजी कसे आहेत. "मजेत," ती म्हणाली, "खूप बिझी आहेत." आवाजात जरासुद्धा फरक नाही. तिच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं, हे मला कळत होतं. वाटलं नाही. वाटला तो आनंदच, आणि तो लपवायला मला फोनवर खोकावं लागलं.

पुढचा शनिवार ताईकडेच होता. तिनं मोठं पातेलंभर मटण केलं होतं, घरात गरम मसाल्याचा वास होता. ती हसत होती, सगळ्यांना बसायला सांगत होती. नवरा माझ्यापासून दूर, पुरुषांमध्ये बसला. विनंत्यांची वेळ आली तशी मी डोळे मिटले. शब्द मी आठवडाभर घोळवून ठेवले होते. माझी ताई असं म्हणायचं नाही, हेही ठरवलं होतं. मी रीत पाळणार होते. दाजी कितीतरी शनिवारांत कुणाला दिसले नव्हते, त्यामुळे ती बहीण कोण हे सगळ्यांना आपोआप कळेल आणि मी तिच्याइतकी खालच्या पातळीला उतरले असं कुणी म्हणणार नाही.

"हे प्रभू," मी म्हटलं, "आपल्यातल्या एका बहिणीसाठी विनंती करते. तिचा नवरा अर्विंगला दुसऱ्या बाईबरोबर घर करून राहतो. ती हे सगळ्यांपासून लपवते. हसते, लोकांना जेवू घालते, दुसऱ्यांच्या दुःखावर मोठ्यानं बोलते. प्रभू, तिचा अभिमान मोड. तिला नम्र कर. आमेन."

मग एकेक आमेन येत गेलं, काकांचं, काकूंचं, पुरुषांच्या बाजूनं दबकत आलेलं. मी कान देऊन ताईच्या आमेनची वाट बघत होते. ते आलं नाही.

डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे बघत होते. काकू गुडघ्यांवर सरकत माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी मला छातीशी धरलं. "पोरी," त्या म्हणाल्या, "किती दिवस एकटीनं सोसलंस गं?" मागून नागपूरच्या बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला काही उमजेना. मग मी पुरुषांकडे पाहिलं. तिथे माझ्या नवऱ्याच्या आजूबाजूची जागा रिकामी झाली होती, आणि काका त्याला सांगत होते, "आता काही बोलू नकोस. जे बोलायचं ते प्रभूसमोर बोल."

"अहो काका, मी काय केलं?" नवरा विचारत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एक बहीण म्हणजे बोलणारी स्वतः. काकूंच्या सुनेच्या वेळी मीच हसले होते. आणि दर सोमवारी अर्विंगला कोण जातं हे मीच सगळ्यांना महिनोन्‌महिने ऐकवलं होतं. दाजींबद्दल ताईनं मंडळीला सांगितलं होतं की ते आजारी आईपाशी गावी गेले आहेत. ज्या शनिवारी तिनं हे सांगितलं त्या शनिवारी मी घरी तब्येतीचं निमित्त करून टीव्ही बघत होते. दाजी अर्विंगला आहेत हे त्या खोलीत फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

मी ताईकडे पाहिलं. ती ताठ बसली होती. तिला सगळं कळलं होतं, मी काय करायला गेले आणि काय झालं तेही. ती एक वाक्य बोलली असती तर माझा नवरा सुटला असता. ती बोलली नाही. मी तोंड उघडलं, आता नाव घेऊनच सांगते म्हणून, तेवढ्यात काका म्हणाले, "ताई, तू थोरली आहेस. बहिणीच्या डोक्यावर हात ठेव आणि तिच्यासाठी मागणी कर." सगळ्यांनी डोळे मिटले. मला पुन्हा तोंड मिटावं लागलं.

ताई उठून आली, माझ्यासमोर गुडघे टेकले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या हाताला कांदा-लसणाचा वास येत होता. संतापानं माझे कान तापले होते. माझ्या नवऱ्याला बदनाम करून ही वर माझ्यासाठी प्रार्थना करणार होती.

"हे प्रभू," तिनं सुरुवात केली, "माझ्या धाकट्या बहिणीवर दया कर." आवाज नेहमीचा होता, खणखणीत. "तिच्या घरात आज दुःख आहे. तिला बळ दे." मग ती थांबली. पुन्हा बोलली तेव्हा आवाज खाली आला होता. "तिला झोप लागत नाही, प्रभू. अर्धं कपाट रिकामं झालंय, ते ती उघडत नाही. फोन वाजला की धावत जाते. त्याचा नसतो. लोकांना काय सांगायचं ते रोज आंघोळ करताना ठरवते. आणि मुलं विचारतात, पप्पांचा फोन का येत नाही, तेव्हा ती..."

ती थांबली.

मुलं. मला मूल नाही हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ताईनंच सांगितलं होतं सगळ्यांना. मी डोळे उघडले. काकूंचेही उघडले होते. एकेक करून सगळ्यांचे उघडले आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले. फक्त तिचे मिटलेले होते. माझ्या डोक्यावरचा हात तिनं उचलला नाही. तिची प्रार्थना तिथेच संपली होती आणि बाबांच्या नियमानं आता माझं आमेन यायला हवं होतं. त्याशिवाय ती उठणार नव्हती.

मी घाई केली नाही. तिला तशीच राहू दिली, गुडघ्यांवर, सगळ्यांच्या नजरांमध्ये. मला ते बघायचं होतं आणि मी ते पुरेपूर बघितलं. शेजारच्या खोलीतून तिच्या धाकट्याचा आवाज आला, "मॉम, कॅन वी ईट नाऊ?"

मग मी आमेन म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मला धरलेले हात सुटले आणि ताईकडे गेले. त्याच मऊ, ओल्या मिठ्या, तेच पाठीवरून फिरणारे हात. आता दर शनिवारी दारात शिरताना त्यांची नजर आधी तिच्यामागे जाईल, दाजी आले आहेत का ते बघायला, मग तिच्या चेहऱ्यावर येईल. काका माझ्या नवऱ्याचा हात हातात घेऊन सॉरी म्हणत होते. काकूंच्या खांद्यावरून ताईनं माझ्या दिशेला तोंड केलं. चष्मा तिनं काढून हातात धरला होता. चष्म्याशिवाय तिला माझा चेहरा दिसत नव्हता.

"मघाशी तुझ्या प्रार्थनेला माझं आमेन राहिलं," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

"आमेन."

इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते मला मिळालं. मी खोटं बोलणार नाही, मला बरं वाटलं. थंडीतून आल्यावर गरम पाण्यात पाय सोडल्यावर वाटतं तसं बरं.

ताईनं चष्मा घातला, पदरानं नाक पुसलं आणि उठून मुलांना हाक मारली. दोन्हीकडून आमेन झालं होतं. तिनं माझं ताट वाढलं, मग स्वतःचं, आणि माझ्या शेजारी येऊन बसली. आम्ही जेवलो.